सत्त्याण्णव झाडांची मजुरी

मी गाव सोडलं तेव्हा बाबा झाडावर होते.

म्हसळ्याहून आत, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. पौषातली सकाळ होती. भाताचा राब, म्हणजे रोपं करायची जागा, भाजायला पालेदार फांद्या लागतात, त्यांना आमच्याकडे कवळ म्हणतात. ती तोडायला बाबा आमच्या वरकसातल्या, म्हणजे उताराच्या माळजमिनीतल्या, मोठ्या ऐनाच्या झाडावर चढले होते आणि खाली आई भारे बांधत होती. मी पत्र्याची पेटी घेऊन बांधावर उभा राहिलो. वयाची एकवीस वर्षं पुरी झाली होती, तळोज्याला एका कारखान्यात नोकरी लागली होती.

बाबा वरूनच म्हणाले, "निघालास व्हय? गाडी चुकवू नको."

मग एक फांदी खाली आली. तिच्यामागून पुन्हा आवाज आला, "कवळ संपली की येतो तुझी जागा बघायला."

कवळ संपली, पण मग भाजणी आली, पेरणी आली, लावणी आली. ते दोन वर्षांनी आले. निरोप द्यायला बाप झाडावरून उतरला नाही याचं माझ्या बायकोला, सुलभाला, अजून नवल वाटतं. मला वाटत नाही. त्या ऐनावरून उतरून परत चढायला बाबांना वीस मिनिटं लागत आणि माझी गाडी पंधरा मिनिटांत होती. त्यांनी बरोबर हिशेब केला होता.

हिशेबाची सवय मला त्यांच्याकडूनच आली असावी. कारखान्यात मी स्टोअरला लागलो आणि आजही स्टोअरलाच आहे. आम्ही रबराचे गॅस्केट, पाइप आणि मशिनच्या पायाखाली घालायच्या गाद्या बनवतो. आलेला माल मोजायचा, तपासायचा, प्रत ठरवायची, रजिस्टरला चढवायचा, हे माझं काम. केरळातून ट्रकने रबराच्या शीटचे गठ्ठे येतात. मधाच्या रंगाच्या, जाड चादरीसारख्या शीट, धुरावर वाळवलेल्या. पहिला गठ्ठा मी उघडला तेव्हा मला एकदम आमच्या घराचा वास आला. चुलीच्या धुराचा. तळोज्याला पहिले सहा महिने मला गावची फार आठवण यायची, आणि खोटं कशाला सांगू, जेवणाच्या सुट्टीत मी त्या गठ्ठ्यांपाशीच डबा खायचो.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका ट्रकड्रायव्हरने मला त्याच्या घरच्या रबराची माहिती दिली. उताराची जमीन चालते. एकरात एकशे ऐंशी झाडं. सात वर्षं सांभाळायची, मग झाड वर्षाला पाच किलो रबर देतं. मला आमचं वरकस आठवलं. नेमकं एक एकर, तांबडी माती, उतार. एके काळी तिथे नाचणी व्हायची, आता गवत आणि करवंदीच्या जाळ्या. मालाबरोबर येणाऱ्या एका रद्द झालेल्या चलनाच्या पाठीमागे मी हिशेब मांडला. एकशे ऐंशी झाडं, पाच किलोप्रमाणे नऊशे किलो. नव्वद रुपये दराने एक्याऐंशी हजार. त्यातून खताचे आणि किरकोळ आठ हजार वजा. राहिले त्र्याहत्तर हजार.

माझा पगार तेव्हा महिना सहा हजार होता. वर्षाचे बहात्तर हजार.

मी तीन वेळा बेरीज तपासली. मग तो कागद घेऊन गावी गेलो आणि ओटीवर बसून बाबांना वाचून दाखवला. म्हणालो, "सात वर्षं. रबर सुरू झालं की मी नोकरी सोडून परत येतो."

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हा कागद ओळखीचा वाटेल. कुणाचा तो हापूसच्या कलमांचा असतो, कुणाचा कोंबड्यांचा, कुणाचा दिवेआगरला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायचा. परत येण्याचा हिशेब प्रत्येकाकडे असतो. आणि जे गावी राहिलात, त्यांनी तो ओटीवर बसून ऐकलेला असतो.

बाबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ह्याची कवळ होते काय?"

मी हसलो. त्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

रोपं केरळातून मागवली. खड्डे बाबांनी आणि आईने खणले. पहिल्याच वर्षी कळलं की माझ्या कागदात एक मोठी गोष्ट राहिली होती. केरळात वर्षभर मधूनमधून पाऊस पडतो, आपल्याकडे दसऱ्यानंतर जूनपर्यंत आभाळ कोरडं. दोन उन्हाळे आईने विहिरीवरून हंड्याने पाणी घातलं तरी एकतीस रोपं मेली. एकशे एकोणपन्नास राहिली. माझा चुलत भाऊ नामादादा मला बघितला की हाक मारायचा, "काय रबरवाले! चिकू लावलं असतंस तर आतापर्यंत चिकू तरी खाल्लं असतं." गावात मी रबरवाला झालो तो आजपर्यंत.

रबराचं झाड चीक काढण्याजोगं झालं की नाही हे त्याच्या घेरावरून ठरतं. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर पन्नास सेंटिमीटर घेर भरला पाहिजे. गणपतीला आणि शिमग्याला मी सुलभाची शिवणकामाची टेप घेऊन जायचो आणि एकशे एकोणपन्नास झाडं मोजून वहीत लिहायचो. आईला आकड्यांचं काही नव्हतं. तिने टेपवरून पन्नास सेंटिमीटरची सुतळी कापून घेतली आणि कमरेला खोचली. मी नसताना ती झाडाला सुतळी घालून बघायची. दोन टोकं भेटली तर झाड अजून लहान, भेटली नाहीत तर वयात आलं. फोनवर सांगायची, "कोपऱ्यातल्याला आता सुतळी दोन बोटं कमी पडते."

झाडं पाचव्या वर्षात होती तेव्हा मी पौषात अचानक गेलो. वरकसात शिरलो आणि माझे पायच थांबले. खालच्या अंगाची चौतीस झाडं नुसते खांब झाली होती. वर शेंड्याला चार पानं, बाकी सगळं साफ. बाबांनी कवळ तोडली होती. फांद्यांचे भारे बांधून राबावर पसरलेसुद्धा होते. बाबांच्या सदऱ्यावर पांढऱ्या चिकाचे डाग वाळून काळे पडले होते. ते डाग पुढे कधी निघाले नाहीत.

मी आयुष्यात एकदाच बाबांवर ओरडलो, ते तेव्हा. त्यांना खरंच कळेना काय चुकलं. वरकसातलं झाड म्हणजे कवळीचं झाड, ही त्यांच्या बापाची आणि आज्याचीही समजूत. ते म्हणाले, "आरं, पंधरा दिसांत आपसूक गळणारी पानं ती. एवढा पाला वर ठेवून काय करायचा व्हता?"

मी सांगितलं की पानांशिवाय झाड जाड होत नाही. ही चौतीस झाडं आता दोन वर्षं उशिरा चीक देतील.

बाबांनी जवळच्या खांबावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजी तू पन दोन वर्सं उशिरा येनार?"

मी म्हणालो, "बघू."

तोवर मी कामोठ्याला फ्लॅट बुक केला होता. वीस वर्षांचं कर्ज घेतलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मुलीची शाळा होती, सुलभाचं शिवणाचं काम जमत आलं होतं, आणि पगारही आता सहा हजार राहिला नव्हता. माझ्या परत येण्याला त्या चौतीस झाडांनी काहीच फरक पडणार नव्हता. पण बाबांनी त्यानंतर खालच्या झाडांना दरवर्षी शेणखताची एक पाटी जास्त घातली. मी नुसता बघायचो.

दराची गंमत वेगळीच. झाडं तीन वर्षांची होती तेव्हा रबर दोनशेच्या वर गेलं होतं आणि मी स्टोअरमध्ये बसून रोज मनात गुणाकार करत होतो. पहिली झाडं चीक द्यायला तयार झाली तेव्हा दर शंभर-सव्वाशेवर उतरला होता. आणि ती तयार झाली त्याच्या आदल्या पावसाळ्यात बाबा गेले. आजारपण काही नाही, लावणीहून आले, पेज प्यायले, आडवे झाले. त्यांनी रबराचा चीक पाहिला तो फक्त स्वतःच्या सदऱ्यावरचा.

मला वाटलं होतं की आता आई म्हणेल, विकून टाक. ती म्हणाली, "सुतळी पुरत न्हाय आता. कोन शिकवनारा मिळतो काय बघ."

दक्षिण कोकणात केरळच्या लोकांचे रबराचे मळे आहेत. तिथून ओळखीने एक कामगार आला, थॉमस. पस्तिशीचा, बारीक, कमरेला चौकडीची लुंगी. तीन आठवडे आमच्या पडवीत राहिला. त्याला मराठी येत नव्हती, आईला हिंदी येत नव्हती. तो तिला 'अम्मा' म्हणायचा आणि ती त्याला 'तामस'. रबराची साल तिरकी तासायची असते, खास वाकड्या टोकाच्या सुरीने, झाडाच्या अर्ध्या घेरापुरती. ती पातळ निघाली पाहिजे, आणि सुरी लाकडाला लागता कामा नये. लाकडाला लागली की तिथे गाठ होते आणि त्या जागी पुन्हा नीट साल येत नाही. थॉमस बोटांनी दाखवायचा, "अम्मा, इतना. इतना." आईला काही केल्या जाडी कळेना. चौथ्या दिवशी तिने घरात जाऊन तांदळाची भाकरी आणली, तिचा वरचा पापुद्रा सोडवला आणि त्याच्यापुढे धरला. थॉमस मोठ्याने हसला. "हां अम्मा! ये! ये!" त्यानंतर आईचं तासणं कधी चुकलं नाही.

मी रविवारी गेलो की तो माझ्याशी बोलायचा. एकदा मी त्याला विचारलं, घरी रबर किती आहे?

"एक एकर. आपके जितना ही."

"मग ते कोण काढतं?"

"माँ काटती है," तो म्हणाला. "मैं इधर आपका काटता है, उधर मेरा माँ काटती है."

आम्ही दोघांनी आईकडे पाहिलं. ती तिसऱ्या ओळीत होती. तो जाताना तिने त्याला कोकमाची पिशवी दिली आणि त्याने तिला स्वतःची सुरी दिली.

तेव्हापासून हे काम आईचं झालं. दसऱ्यापासून माघापर्यंत, एक दिवस चीक काढायचा, एक दिवस झाडाला विश्रांती. ही विश्रांतीची पद्धत तिला पहिल्यापासून पटली. उजाडताच साल तासायची, तारेत अडकवलेल्या वाटीत चीक जमू द्यायचा, ऊन वर यायच्या आत गोळा करायचा. बाजारात त्याच्या प्लॅस्टिकच्या वाट्या मिळतात. आईने बोर्ली पंचतनच्या बाजारातून, नारळवाल्यांकडून करवंट्या आणल्या, फुकट. चिकात ॲसिडचं पाणी घालून तो ट्रेमध्ये गोठवायचा, रोलरखाली दाबून शीट काढायची आणि धुरावर वाळवायची. धूर देणारी खोली बांधायला पैसे लागतात. आईने शीट चुलीवरच्या काठीला टांगल्या, जिथे पावसाळ्यासाठी सुके बोंबील टांगलेले असतात तिथेच.

माझ्या शेठने आमचा माल घ्यायचं कबूल केलं होतं. पहिला पस्तीस किलोचा गठ्ठा मी गावाहून टेम्पोने आणला आणि सोमवारी नेहमीच्या टेबलावर उघडला. रंग चांगला, जाडी सारखी, फोड नाहीत. आणि वास बोंबलाचा. ट्रॉली ढकलणारे दोघे नाकाला रुमाल लावून हसायला लागले. रबराची प्रत ठरवताना वासाला तितकं महत्त्व नसतं, पण शीटवर माशाचं तेल उतरलं होतं, पुसलं तर बोटाला लागत होतं. तेल लागलेला माल तिसऱ्या प्रतीत घ्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. शेठ शेजारीच उभे होते. म्हणाले, "अरे भाई, तीन लिख ने! तारी मम्मीनो माल छे."

मी चार लिहिलं. किलोमागे दहा रुपये कमी झाले.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आईने चुलीवरच्या काठीकडे बघितलं. नामादादाच म्हणाला, "घरच्या आयशीचा माल पाडनारा तू एकटाच रं!" पुढच्या वर्षी आईने बोंबील दुसऱ्या काठीला टांगले. तरी थोडा वास राहिलाच, आणि प्रत चौथीच राहिली. मी ती कधी वाढवून लिहिली नाही.

मग ते वादळ आलं. दिवेआगरच्या बागा झोपल्या हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे सुपारीसारखी झाडं मुळासकट पडली नाहीत, रबर मधेच मोडतं, कडकन, काडीसारखं. फोन सहा दिवस बंद होते. तेव्हा लॉकडाउन होतं, गावी जायलाही परवानगी लागत होती. मी पोचलो तेव्हा घरावर कौलं नव्हती आणि आई वरकसात होती. चीक देणारी एकशे एक्केचाळीस झाडं होती, आठ कधी जाड झालीच नाहीत. त्यातली चव्वेचाळीस मोडली. "सत्त्यान्नव उभी हायत," ती म्हणाली. तिने मोजून ठेवली होती. बाबांनी कवळ तोडलेल्या चौतीसपैकी एकतीस उभी होती. त्यांचा शेंडा लहान, म्हणून वारा कमी लागला. घरी येऊन हे मी सांगितल्यावर आई पडलेल्या कौलांवर बसून हसली. "बघ. सांगत व्हते ना तुझे बाबा, एवढा पाला कशाला म्हनून."

आता मी मूळ गोष्टीवर येतो.

आई अडुसष्ट वर्षांची आहे. डावा गुडघा दुखतो, उतारावर जास्त. माझ्या फ्लॅटला लिफ्ट आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे, नात तिची वाट बघते. भातशेती नामादादाला अर्धेलीने दिलेली. तरी ती कामोठ्याला यायला तयार नव्हती, आणि उत्तर ठरलेलं होतं, "झाडं हायत ना." मी मनाशी ठरवलं की झाडंच गेली पाहिजेत. बोर्लीचा एक लाकडाचा व्यापारी खोक्यांसाठी रबराचं लाकूड घेतो. त्याने झाडाला सहाशे सांगितले. अठ्ठावन्न हजार दोनशे. आई पैशाला भुलणार नाही हे मला माहीत होतं, पण ती खोटं बोलणारी नाही आणि मीही नाही. म्हणून मी खरा हिशेब करून तिला पटवायचं ठरवलं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी ती चीक गोठवून ओटीवर टेकली, तेव्हा मी कारखान्यात छापून आणलेला कागद काढला.

वर्षाला सत्तर दिवस काम. सत्त्याण्णव झाडांचं दोनशे अडतीस किलो, म्हणजे झाडाला अडीच किलोसुद्धा नाही. चौथ्या प्रतीला एकशे साठ धरून अडतीस हजार ऐंशी. खत सहा हजार, ॲसिड, तारा, सुरी दोन हजार चारशे, वाहतूक तीन हजार दोनशे. राहिले सव्वीस हजार चारशे ऐंशी. सुरुवातीच्या वर्षांत घातलेले एक लाख चाळीस हजार वीस वर्षांवर वाटले, तर वर्षाला सात हजार. आणि मजुरी. सत्तर दिवसांची अर्ध्या दिवसाप्रमाणे अडीचशे, साडेसतरा हजार. गवत काढायचे चोवीस दिवस साडेतीनशेने, आठ हजार चारशे.

"म्हणजे आई," मी म्हणालो, "वर्षाला सहा हजार चारशे वीस रुपये तोटा आहे."

ती नीट ऐकत होती. म्हणाली, "मजुरी कोनाची?"

"तुझी."

"मला कोन देतो?"

"देत कोणी नाही. पण धरावी लागते. दुसरं कोणी कामाला ठेवलं असतं तर द्यावी लागली असती ना?"

"मग ठेव दुसरं कोन. दोन वर्सांत झाडं खलास करील."

"तसं नाही आई, हिशेबाची पद्धत आहे."

ती उठली. गुडघा धरून आत गेली आणि सातबारा ठेवायचा बिस्किटाचा डबा घेऊन आली. त्यातून तिने चार घड्यांचं, पिवळं पडलेलं चलन काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"ह्ये वाच आता."

माझंच अक्षर. एकशे ऐंशी झाडं, नऊशे किलो, एक्याऐंशी हजार. वजा आठ हजार. शिल्लक त्र्याहत्तर हजार. मी वाचून दाखवलं.

"ह्याच्यात मजुरी कुठं हाय?"

मी कागद उलटासुलटा केला. नव्हती. खड्डे, पाणी, गवत, चीक, काहीच नव्हतं.

"झाडं लावायची व्हती तवा आमची मजुरी धरली न्हाईस, म्हनून फायदा झाला," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, ती करवंटी पुसत होती. "आता तोडायची हायत, तर मजुरी धरतोस, म्हनून तोटा झाला. आसा कसा रं तुझा हिशेब, बाबू? बोंबलाच्या वासाचे धा रुपये तू मला सोडलं न्हाईस."

तीस वर्षं मी स्टोअरमध्ये बसतो. दर वर्षी ऑडिट होतं. माझ्या रजिस्टरमध्ये असली चूक आजवर कुणी काढलेली नाही. दोन्ही कागदांतली बेरीज बरोबर होती, आणि दोन्ही वेळा मला जे हवं होतं तेच उत्तर आलं होतं.

थोड्या वेळाने मी तिला फ्लॅटबद्दल सांगितलं. कवळीच्या वेळी मी तो आधीच घेतला होता, हे. ती म्हणाली, "बाबांना म्हाईत व्हतं. नामा बोलला व्हता."

"मग ते जास्त खत कशाला घालायचे?"

"तू येनार न्हाईस म्हनून झाडाला उपाशी ठेवायचं काय?"

लाकडाच्या व्यापाऱ्याला मी दुसऱ्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. आईनेही एक पाऊल पुढे टाकलं. पावसात चीक काढता येत नाही, म्हणून जूनपासून गणपतीपर्यंत ती कामोठ्याला राहते. त्यावर एक दिवस नाही. येताना कमरेला सुतळी असतेच. सोसायटीच्या बागेतल्या झाडांना ती घालून बघते आणि वॉचमनला सांगते की हे अजून लहान आहे. वॉचमन बिहारचा आहे, तो मान डोलावतो.

आणि हंगामात मी जातो. शनिवारी दुपारी सुटलो की संध्याकाळी गावी. आईने मला साल तासायला शिकवलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा हात सहज वळत नाही. पहिल्या महिन्यात माझी सुरी अकरा झाडांच्या लाकडाला लागली. तिथे आता गाठी आहेत. आई प्रत्येक गाठीवर बोट ठेवते, म्हणते, "जरा अलीकडं थांबायचं. झाडाला त्याचं थोडं ठेवायचं." एकदा तासलेल्या जागी पुन्हा चांगली साल भरायला आठ वर्षं लागतात. तोवर मी निवृत्त झालेलो असेन. सात वर्षांनी येतो म्हणालो होतो, त्याला आता सतरा झाली. पुढचं मी कुणाला सांगत नाही, कागदावर तर नाहीच.

हिशेब मात्र मांडतो. आईची मजुरी धरतो, कारण ती धरायलाच हवी होती, पहिल्या कागदापासून. ते पैसे मी वेगळे काढून दर महिन्याला तिच्या हातात देतो. ती ते डब्यात ठेवते आणि निघताना नातीसाठी माझ्याच पिशवीत सारते. माझी मजुरी धरत नाही. वर्षाला सहा हजारांच्या आसपास तोटा येतो. माझ्या सोसायटीचा मेंटेनन्स याच्या तिप्पट आहे, आणि त्या पैशात मला जिना झाडून मिळतो.

या वर्षीचा हिशेब मी गेल्या आठवड्यात पुरा केला. आई लिहीत नाही. ज्या दिवशी चीक काढते त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशाचा ठिपका देते. हंगाम संपला की मी कॅलेंडर आणतो आणि ठिपके मोजतो. या वर्षी चौसष्ट भरले. दर वर्षी सत्तर असतात. पाऊस लांबला नव्हता, ती आजारी नव्हती. सहा ठिपके कुठे गेले म्हणून मी पान पान तपासलं. एक दिवसाआड एक ठिपका, एक दिवसाआड एक ठिपका, आणि मधेच एके ठिकाणी दोन दिवस मोकळे. अशा बारा जागा होत्या, बारा जादा दिवस म्हणजे सहा ठिपके. प्रत्येक दोन मोकळ्या दिवसांच्या पुढचा ठिपका रविवारी होता.

मी तेरा रविवार गेलो होतो. एकदाही माझ्या वाट्याला झाडांच्या विश्रांतीचा दिवस आला नव्हता. मला तो योगायोग वाटला होता.

सहा वेळचा चीक म्हणजे वीस किलोच्या वर रबर, तीन हजार दोनशे चौसष्ट रुपये. हे नुकसान खरं आहे आणि ते दाखवायला हवं. मी पेन उघडलं आणि काही न लिहिताच बंद केलं. मग कॅलेंडर गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवायला बाजूला काढलं, त्या चलनाच्या शेजारी, आणि आईला फोन लावून विचारलं की येत्या रविवारी येऊ का.

"ये की," ती म्हणाली. "चीक न्हाय आता, पानं गळाल्यात. नुसताच ये."